पोत्यांचा कॅप्टन

आमच्या भाऊजींना ग्वाल्हेरातलं अख्खं माधवगंज 'पोत्यांचा कॅप्टन' म्हणायचं. माझ्या तोंडावर नाही हं. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण माझी जीभ कशी आहे ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक. फक्त एकदा, हळदीकुंकवाला, समोरच्या शामलानं सगळ्यांदेखत विचारलं, "काय हो शालिनीताई, तुमच्या दिरांच्या विमानात मिरच्यांना तिकीट लागतं का?" मी म्हटलं, "नाही लागत. तू ये, तुलाही फुकट नेतील." पुढं कित्येक महिने ती आमच्या जिन्याकडं फिरकली नाही. म्हटलं नको फिरकू, माझा चहा वाचला.

पण भाऊजी पोत्यांचे कॅप्टन झाले कसे, ते तिला माहीत नव्हतं. ते मी सांगते, कारण मी तिथं होते.

कान्होजी म्हणजे माझे धाकटे दीर. दळवी आम्ही. माझे सासरे सूर्याजीराव दळवी, संस्थानच्या घोडदळात रिसालदार. घरात सगळे त्यांना आबासाहेब म्हणत. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. तेव्हा घरात आबासाहेब, आमचे हे, मी, आणि सुटीवर आले की भाऊजी. माधवगंजात एका अत्तरवाल्याच्या दुकानावर दोन खोल्या आणि एक गॅलरी, एवढा आमचा पसारा.

अठ्ठेचाळीस साली ग्वाल्हेर संस्थान संपलं आणि मध्य भारत नावाचं नवीन राज्य झालं. त्याची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला. आमचे हे सेक्रेटरिएटमध्ये कारकून, म्हणजे उन्हाळा लागला की फायलींच्या पेट्यांबरोबर ह्यांचीही पेटी इंदूरला. मी म्हणायची, हे सरकार आहे की माहेरवाशीण? हे म्हणायचे, हळू बोल, नोकरी आहे. ह्यांचं सगळं आयुष्य 'हळू बोल' म्हणण्यात गेलं.

आणि फौज? फौज हिंदुस्थानच्या फौजेत मिसळली. तरुण होते त्यांना तिकडं घेतलं, आबासाहेबांसारख्यांना सांगितलं, साहेब, आता आराम करा. आराम! ज्या माणसानं सबंध जन्म घोड्यावर काढला त्याला आराम करा म्हणायचं म्हणजे काय? रोज पहाटे ते बूट चमकवायचे, पट्टा कसायचे, मिशीला तेल लावायचे आणि गॅलरीतल्या खुर्चीवर जाऊन बसायचे. कुठं जायचं नाही, कुणी यायचं नाही. मला बघवत नसे. मी मुद्दाम भाजी आणायला पाठवायची, तर भाजीवाला उठून सलाम करी आणि हे भाजी न घेताच परत येत.

आता त्यांची सगळी आस भाऊजींवर. भाऊजी लढाईच्या काळात विमानदळात गेले, लढाई संपल्यावर सुटले, मग दिल्लीला राहून त्यांनी कंपन्यांची विमानं उडवायचं लायसन काढलं. एकोणपन्नासच्या दिवाळीच्या सुमारास घरी आले ते दोन नोकऱ्या खिशात घेऊन.

एक प्रवासी कंपनीची. दिल्ली ते मुंबई, आणि वाटेत विमान आपल्या महाराजपूरच्या धावपट्टीवर उतरायचं. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, टोपी. दुसरी कलकत्त्याच्या एका माल नेणाऱ्या कंपनीची. फाळणीनं आसामकडचा आगगाडीचा रस्ता तुटला होता, म्हणून चहा, ताग, मीठ, घासलेट, कोंबड्या, बकऱ्या, सगळं विमानातून चाललेलं. डाकोटा विमानातल्या खुर्च्या उपटून काढायच्या आणि पोती रचायची, असा तो कारभार.

"मग ह्यात विचार कसला करताय?" मी भाऊजींना विचारलं. "टोपीवाली घ्या."

भाऊजींनी चुलीपाशी दोन पाट शेजारी शेजारी मांडले. "वहिनी, हे बघा. विमानात पुढं दोन खुर्च्या. डावीकडं कॅप्टन. उजवीकडं त्याचा मदतनीस. प्रवाशांच्या कंपनीत मी उजवीकडं बसणार. पाच वर्षं, सात वर्षं, कोण जाणे. कॅप्टन म्हणाला चाकं उचल, उचलायची. म्हणाला गप्प बस, बसायचं. आणि मालाच्या कंपनीत एका वर्षात डावीकडं. विमान माझं."

"एका वर्षात कसं काय?"

"तिकडं डोंगर आहेत, ढग आहेत, धड धावपट्ट्या नाहीत. फार कुणी टिकत नाही."

"टिकत नाही म्हणजे? पळून जातात की..."

"दोन्ही," भाऊजी म्हणाले, आणि हसले मेले! मी लाटणं उगारलं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि कळलं. डाव्या पाटाकडं ते असे बघत होते जसं पोर जिलबीच्या कढईकडं बघतं. त्यांना काय हवं होतं ह्यात मला एका क्षणाचाही संशय राहिला नाही.

आबासाहेबांना सांगितलं तेव्हा मात्र गॅलरी हादरली. "पल्लेदारी?" ते ओरडले. खाली दालबाजारात पाठीवर पोती वाहणारे असतात, त्यांना इकडं पल्लेदार म्हणतात. "दळव्यांचा मुलगा पल्लेदारी करणार? दख्खनेतून आलो तेव्हा आपला घोडा घेऊन आलो होतो आपण! शिलेदार आहोत, शिलेदार!"

"तेच म्हणतोय मी, आबासाहेब," भाऊजी म्हणाले. "शिलेदार तो, ज्याचा घोडा स्वतःचा. दुसऱ्याच्या घोड्यावर बसतो तो बारगीर. प्रवाशांच्या कंपनीत मी बारगीरसुद्धा नाही, बारगिराच्या मागं बसलेला."

"आणि मालाच्या कंपनीतला घोडा काय तुझ्या बापाचा आहे?"

हे आतून म्हणाले, "हळू बोला." 

मग आबासाहेबांचा आवाज उतरला. तो उतरला ते जास्त वाईट झालं. म्हणाले, "कान्हू, मला कुणी विचारत नाही आता. आठवड्यातून दोनदा ते विमान महाराजपूरला उतरतं. त्यातून तू टोपी घालून खाली उतरलास, आणि लोकांनी मला सांगितलं, रिसालदारसाहेब, आज तुमचे चिरंजीव दिसले, तर... बस्स, एवढंच." 

भाऊजी रात्रभर गॅलरीत येरझाऱ्या घालत होते. सकाळी चहा घेताना सांगून टाकलं, "ठीक आहे. प्रवाशांची." मी त्यांच्याकडं बघितलं तर मान वळवली. आबासाहेबांनी मला साखरभात करायला सांगितला. मी केला, पण मनातून चिडले होते. कुणावर ते कळेना, म्हणून भांडी आपटली.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, बाड्याच्या चौकाजवळ त्या कंपनीचे एजंट होते, कृष्णराव नावाचे गृहस्थ. त्यांच्यामार्फत होकार गेला. नेमणूक पक्की, फक्त पत्रावर वरची सही यायची होती. भाऊजी काही कामासाठी दिल्लीला गेले. आणि इथं आबासाहेबांच्या डोक्यात आलं की रिवाज राहिला.

रिवाज असा की, घोडदळात नवा माणूस चाकरीला लागला की आपली म्यानातली तलवार दोन्ही हातांवर आडवी धरून, मूठ पुढं करून साहेबासमोर उभा राहतो. साहेब मुठीला हात लावतो. झालं. त्याचा अर्थ, तलवार तुमची, आणि माणूसही तुमचा. आबासाहेबांनी असा हात लावून घेतला होता, त्यांच्या वडिलांनीही. भाऊजींकडं तलवार कुठली? तेव्हा मुलाच्या वतीनं बापानं जायचं ठरवलं. 

"सूनबाई, आवरा. महाराजपूरला जायचंय." बघते तर अंगरखा, शिंदेशाही पगडी, कमरेला शेला, हातात तलवार. मला तर दसऱ्याच्या दरबारची आठवण आली. इतक्या दिवसांनी तो माणूस गॅलरीतून उठून कुठंतरी निघाला होता. मी कशाला अडवीन? मीही इरकली नेसले, आणि टांग्यात बसले. वाटेतल्या मुरारपर्यंत ते गुणगुणत होते.

विमान उतरलं. माणसं उतरली. मागून कॅप्टन उतरला, सिगारेट पेटवत. आणि आबासाहेब, छाती काढून, कवायतीच्या पावलांनी, पंखाखालून थेट त्याच्यासमोर गेले आणि तलवार पुढं केली.

आता तुम्हीच सांगा, त्या बिचाऱ्या कॅप्टनला काय दिसलं असेल? पगडीवाला, मिशीवाला म्हातारा, दोन हातांवर तलवार. सिगारेट गळून पडली. "अरे पकड़ो इसे! पकड़ो!" एक बाई किंचाळली, एक शेटजी परत विमानात चढला. दोन चौकीदार धावले आणि त्यांनी आबासाहेबांचे हात पिरगाळले. पगडी पडली. तलवार अजून म्यानातच होती हो! मी ओरडत होते, "अरे, मूठ को हाथ लगाओ, बस हाथ लगाओ!" कोण ऐकतंय? आणि आबासाहेब झटापट करत नव्हते, काही नाही. ते नुसते त्या कॅप्टनकडं बघत होते, हा हात का लावत नाही म्हणून. 

पोलीस आले, त्यांनी ओळखलं आणि सोडून दिलं. परत येताना टांग्यात त्यांची तलवार पायाशी, पगडी मांडीवर. मी रडले, उघड रडले, मला लाज नाही वाटली.

भाऊजी दिल्लीहून आले त्याच दिवशी कृष्णराव जिना चढून वर आले. भला माणूस, पण घाबरट. म्हणाले, "कान्होजी, वरती फार बोभाटा झालाय. मी सांभाळून घेतलंय कसंबसं. फक्त दोन ओळी लिहून द्या, म्हणजे नोकरी जात नाही."

"काय लिहू?"

कृष्णरावांनी घसा खाकरला. "की, वडिलांच्या डोक्यावर परिणाम झालेला आहे. घरात त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात येईल. एवढंच. मग प्रकरण मिटलं."

मी चहाचा कप घेऊन आले होते, तो तसाच परत नेला. असल्या माणसाला चहा? पण गॅलरीतून आबासाहेब आत आले. सगळं ऐकलं होतं त्यांनी. म्हणाले, "लिही."

"आबासाहेब..."

"लिही म्हणतो ना! वेडा म्हण, काय हवं ते म्हण. माझ्यापायी तुझी चाकरी जाता कामा नये. मी जाणार नाही पुन्हा तिकडं. दार लावून बसेन." ह्यांनी टेबलावरची दौत पुढं सरकवली. मी ह्यांच्याकडं असं बघितलं की ती परत मागं गेली.

भाऊजी उभेच होते. म्हणाले, "कृष्णराव, माझ्या वडिलांचं डोकं शाबूत आहे. त्यांनी सलामी दिली. ती ज्याला कळली नाही त्याच्या शेजारी बसून मला विमान उडवायचं नाही. नाव काढून टाका."

कृष्णराव गेले. आणि आबासाहेब खाली बसले ते डोकं धरून. "मी घालवली. पोराची चाकरी मी घालवली."

आता खरं तर इथं गप्प बसता आलं असतं. बापाला वाटलं असतं, मुलानं आपल्या इज्जतीसाठी एवढी मोठी नोकरी सोडली. गल्लीत वाहवा झाली असती. पण भाऊजी त्यांच्यासमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "नाही घालवली तुम्ही. खरं सांगतो, आबासाहेब. मला ती नकोच होती. तुमच्यासाठी हो म्हटलं होतं. त्या दिवशी कॅप्टननं तुमच्या तलवारीला हात लावला असता, तरी उद्या मी उजवीकडं बसून कुढलो असतो. मला पोतीच न्यायची आहेत. डावीकडं बसून. मी कलकत्त्याला चाललो."

आबासाहेबांनी डोकं वर केलं. स्वतःला बोल लावणं थांबलं, पण जे आलं ते त्याहून अवघड. "म्हणजे मला साखरभात खाऊ घालून खोटं बोललास?"

"हो."

"चालता हो मग."

आणि भाऊजी गेले. बापाला नमस्कार केला, त्यांनी पाय मागं घेतले. स्टेशनवर मी एकटी गेले. डबा दिला, लोणचं दिलं, आणि म्हटलं, "भाऊजी, मराल तर याद राखा!" ते म्हणाले, "वहिनी, तुमच्या भीतीनं जगेन." गाडी हलली तशी मी फलाटावर चार पावलं धावले. माणूस हट्टी असावा, पण किती?

सव्वा वर्षात डावीकडची खुर्ची मिळाली. पत्र मला यायचं. मी मोठ्यानं वाचायची, भिंतीला ऐकू जाईल असं. आज मीठ नेलं. आज आगरताळ्याला घासलेट. आज ढगात वाट चुकलो, दोन डोंगरांमधून निघालो. आबासाहेब पाठ करून बसायचे आणि वाचून झालं की एकच शब्द, "पोहोचला?" मी म्हणायची, "पोहोचले." मग ते बूट पुसायला घ्यायचे. भाऊजी सुटीवर आले तरी दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलायचे. सूनबाई, त्याला मीठ हवंय का विचारा. अहो, ते हातभर अंतरावर बसलेत, तुम्हीच विचारा ना! पण नाही.

त्रेपन्न साली सरकारनं सगळ्या विमान कंपन्या एकत्र केल्या. जशी संस्थानं मिसळली तशा ह्या मिसळल्या. मालाची कंपनी गेली, प्रवाशांचीही गेली, सगळ्यांचं एक सरकारी कॉर्पोरेशन. आणि त्या पावसाळ्यात गावातल्या हजीरा भागातल्या मिलमधून पूर्वेकडच्या पूरग्रस्तांसाठी चादरींचे गठ्ठे उचलायला जे विमान महाराजपूरला उतरलं, ते भाऊजींचं होतं. 

आदल्या दिवशी तार आली होती. मी आबासाहेबांना म्हटलं, मी चालले, तुम्हाला यायचं तर या. ते बूट पुसत राहिले. टांगा दारात आला, मी खाली उतरले तर ते आधीच आत बसलेले. साधा कोट, साधी टोपी.

भाऊजी विमानातून उतरले. घामेजलेला शर्ट, कोपरापर्यंत काळे हात. टोपीबिपी काही नाही. आमच्याजवळ आले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, माझ्यामार्फत नाही, सरळ बापाशी बोलले. 

"आबासाहेब, मला परत विचारलंय. मोठी प्रवासी विमानं आहेत, तिकडं घेतात, पण उजवीकडं. नाहीतर इथंच, मालावर, डावीकडं. कलकत्त्याला पोहोचल्यावर उत्तर द्यायचंय. मागच्या वेळी मी तुम्हाला खोटं सांगितलं. ह्या वेळी तुम्ही सांगाल ते करीन. शब्द देतो."

माझा तर जीवच वर आला. अहो, असं कुणी विचारतं? ह्या म्हाताऱ्यानं टोपीचं नाव काढलं तर? चार वर्षं डोंगरांमध्ये काढली ती सगळी पाण्यात!

आबासाहेबांनी पंखापासून शेपटीपर्यंत विमान न्याहाळलं. मग म्हणाले, "आधी मला बघू दे तू काय करतोस ते. घेऊन चल मला."

"ह्यात माणसं नेत नाहीत, आबासाहेब."

"मग माल म्हणून ने." आणि खरंच, गठ्ठे वजन करायचा काटा होता, त्याच्यावर जाऊन उभे राहिले. ताठ. काट्यावरच्या माणसाला म्हणाले, "लिखो भैया, एक नग, ग्वालियर से कलकत्ता." सगळे पल्लेदार हसायला लागले. मीही हसले. म्हटलं, आता नेतील, बाप आहे शेवटी, कोण बघतंय?

भाऊजी हसले नाहीत. "उतरा," ते म्हणाले.

"एवढा मोठा माल चाललाय, त्यात एक म्हातारा जड झाला तुला?"

"विमान भरलंय. तुम्हाला घ्यायचं तर गठ्ठे काढावे लागतील. लोक पाण्यात उभे आहेत त्या चादरींसाठी. उतरा, आबासाहेब."

हसणं थांबलं. आबासाहेबांचा चेहरा लाल झाला. परक्या माणसांसमोर, स्वतःच्या पोरानं! मला वाटलं, संपलं, आता हे दोघं जन्मात बोलत नाहीत.

"मला हे कोण सांगतंय?" आबासाहेबांनी विचारलं. "कान्हू सांगतोय?"

"नाही. विमानाचा कॅप्टन सांगतोय."

आबासाहेब काट्यावरून उतरले. टाचा जुळवल्या. आणि मी डोळ्यांनी बघितलं, त्यांनी आपल्या मुलाला सलाम ठोकला, कडक, परेडवर ठोकतात तसा. भाऊजी ताठ उभे राहिले. त्यांनी सलाम घेतला.

"आता तुझं उत्तर ऐक," आबासाहेब म्हणाले. "सख्ख्या बापाला खाली उतरवतोस, आणि उद्या दुसऱ्याच्या उजवीकडं बसून 'जी साहेब' म्हणणार? खबरदार! जा, उशीर होतोय तुझ्या मालाला."

विमान दिसेनासं होईपर्यंत आम्ही उन्हात उभे होतो. मी पदरानं डोळे पुसत होते, ते मात्र खुशीत. टांग्यात बसायच्या आधीच त्यांनी टांगेवाल्याचा खांदा धरला.

"सुना तुमने? उतार दिया मुझे! सगे बाप को!" आणि मुरार, थाटीपूर, हजीरा, सगळा रस्ताभर जो भेटेल त्याला टांगा थांबवून तेच सांगत होते.